हेरपटांचे संगीत आणि काळाची अभिरुची

हिंदी चित्रसृष्टीत हेरपटाला लोकप्रियतेची सनद ज्या चित्रपटांनी मिळवून दिली, त्यांत १९६७ सालच्या ‘फर्ज’चे नाव अग्रभागी घ्यावे लागते, परंतु त्या चित्रपटातील कोणते संगीत लोकांच्या मुखी कायमचे राहिले असे विचारले, तर उत्तर येते ते एका वाढदिवसाच्या गाण्याचे. आमच्या तापीकाठच्या सारंगखेड्यात काय किंवा मुंबईत काय, लेकराचा वाढदिवस असला की रफींच्या स्वरातील ते गाणे आजही लागते, आणि ते मूळचे एजंट ११६ नावाच्या गुप्तहेराच्या कथेतले आहे याची त्या लेकराच्या आईबापांनाही बहुधा कल्पना नसते. गाणे गोड आहे, याविषयी वाद नाही. परंतु त्यात हेराचे असे काय आहे, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही, आणि तो विचारल्यावाचून या संगीतप्रकाराच्या स्थितीचा अदमास लागणार नाही.

पाश्चात्त्य हेरपटाची स्वराकृती प्रथम पाहू. १९६२ च्या ‘डॉ. नो’पासून जेम्स बाँडच्या पाठीशी जी धून लागली, तिची मूळ चाल माँटी नॉर्मन यांनी नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’वर योजलेल्या, पण रंगभूमीवर न आलेल्या एका संगीतिकेसाठी बांधली होती, म्हणजे त्रिनिदादमधील हिंदी कुटुंबासाठी रचलेले स्वर ब्रिटिश हेराच्या कामी आले. जॉन बॅरी यांनी तिला त्या काळी फॅशनमध्ये असलेली विजेची गिटार आणि जॅझची पितळी वाद्ये दिली. परंतु तिचे मर्म या वाद्यांत नसून साथीच्या एका लहानशा हालचालीत आहे. पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, पुन्हा कोमल धैवत, एवढीच ती हालचाल. पेटीवर वाजवून पाहावी: दोन धैवत असे लागोपाठ घेणे आपल्या रागसंगीताच्या शिस्तीत सहसा बसत नाही, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याला कोणीतरी अंधारात उभे असल्याचा संशय तत्काळ येतो. शेवटच्या स्वरसंघातात कोमल गंधाराशेजारी शुद्ध निषाद ठेवलेला आहे. पटदीपाच्या परिचयाचा हा संयोग तेथे मात्र विलक्षण परका वाटतो.

यानंतरच्या दशकांत बाँडपटाने प्रत्येक फॅशनला दरवाजा उघडला. १९७३ मध्ये पॉल मॅकार्टनी यांचा रॉक आला, १९७७ मध्ये मार्विन हॅमलिश यांनी डिस्कोचा ठेका आणला, १९८५ मध्ये ‘डुरान डुरान’ या पॉप चमूचे गीत आले. ठेके बदलले; ती धैवतांची हालचाल मात्र पुनःपुन्हा परतत राहिली. १९६६ साली ‘मिशन : इम्पॉसिबल’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी लालो शिफ्रिन यांनी दहा मात्रांची विभागणी तीन-तीन-दोन-दोन अशी केली; आपला झपताल दोन-तीन-दोन-तीन असा चालतो, त्यामुळे झपतालाला सरावलेल्या कानाला तेथे पाऊल घसरल्याचा भास होतो, आणि तो भास हाच त्या रचनेचा प्राण आहे.

आता मुंबईकडे वळू. ‘फर्ज’चे संगीतकार लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल शर्मा, पैकी प्यारेलाल यांनी व्हायोलिनचे शिक्षण माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस या थोर गोवेकर वादकाकडे घेतलेले. विद्येची उणीव येथे मुळीच नव्हती. तरीही रविकांत नगाइच या एकाच दिग्दर्शकाचे दोन चित्रपट शेजारी ठेवावेत: १९६७ च्या ‘फर्ज’मध्ये नायक रॉक अँड रोलवर थिरकतो, आणि १९७९ च्या ‘सुरक्षा’मध्ये गनमास्टर जी-९ बप्पी लाहिरींच्या डिस्कोवर. बारा वर्षांत दिग्दर्शक तोच राहिला, हेराचा बंदोबस्तही बहुतेक तसाच राहिला, बदलला तो नाच. ‘एजंट विनोद’ या नावाचीही अशीच कथा. १९७७ च्या चित्रपटाला दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’मधून पुढे आलेल्या रामलक्ष्मण यांचे संगीत होते, त्या जोडीतील राम म्हणजे सुरेंद्र निवर्तल्यावरही नागपूरच्या विजय पाटील यांनी जोडीचे नाव आमरण निष्ठेने चालविले. २०१२ च्या ‘एजंट विनोद’ला प्रीतम यांचे संगीत आहे, आणि त्यात एका मंद प्रेमगीतावर सलग एकाच चित्रणात चालणारी गोळीबाराची चकमक खरोखर धाडसी आहे. असे क्षण थोडे. ‘एक था टायगर’पासून ‘पठाण’पर्यंतचे अलीकडचे संगीत इलेक्ट्रॉनिक ठेक्यांनी छाती दणाणून सोडते, पण घरी परतताना गुणगुणावे असे हेराचे चार स्वरही हाती ठेवत नाही.

दत्तजयंतीला आमच्या गावी एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो. तेथील ध्वनिक्षेपकांवरून त्या-त्या वर्षीची गाणी ऐकणे म्हणजे लोकाभिरुचीची रोजकीर्दच वाचणे होय. आणि आपल्या हेरपटांतील गाणी अशा रोजकीर्दीत इतर कोणत्याही गाण्यासारखीच, वेगळी ओळख न देता, दाखल होऊन जातात.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे. २०१८ च्या ‘राझी’मध्ये, शंकर-एहसान-लॉय यांच्या संगीतात, पाकिस्तानात राहून हेरगिरी करणारी भारतीय सून तेथील शाळेच्या समारंभात मुलांकडून मातृभूमीचे गीत म्हणवून घेते. समोरच्या श्रोत्यांची मातृभूमी वेगळी, तिची वेगळी. शब्द तेच, सूर तेच, आणि तिच्या डोळ्यांत दाटलेला अर्थ शेजारी बसलेल्या कोणालाही कळत नाही. येथे परक्या फॅशनची गरज पडलेली नाही. गीत स्वतःच गुपित वाहते. आपल्या चित्रपटाचे मुख्य साधन गीत हेच आहे, आणि हेरपटात त्या साधनाचे सामर्थ्य मला येथे पूर्णपणे जाणवले.

मराठी चित्रपटाजवळ यासाठी लागणारे द्रव्य वडिलोपार्जित आहे. शिवछत्रपतींचे जासूद बहिर्जी नाईक लोककलावंतांच्या वेषात परमुलखात वावरत, अशी परंपरागत समजूत आहे. ज्या सुरतेवर १६६४ साली स्वारी झाली, तिची बारीकसारीक माहिती त्यांनीच आणली असे सांगतात, आणि आमच्या गावावरून वाहणारी तापी त्याच सुरतेला जाते. ‘फर्जंद’ आणि ‘फत्तेशिकस्त’ या चित्रपटांनी बहिर्जींना पडद्यावर आणले, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. त्यांत रणगर्जनेचा आणि लोकगीतांचा संभार मोठा आहे. केवळ हेराच्या पावलांची म्हणून ओळखू यावी अशी स्वराकृती मात्र माझ्या कानात राहिली नाही. संबळ, तुणतुणे, चौंडके ही वाद्ये घेऊन, शत्रूच्या चौकीवर म्हटलेला एखादा असा गोंधळ आमच्या संगीतकारांनी बांधावा की जो पहारेकऱ्याला देवीची स्तुती वाटेल आणि तटाबाहेर दबा धरून बसलेल्या मावळ्याला दरवाजाची वेळ कळवील. असे एक गीत ऐकायला मी आतुर आहे. ज्यांच्या हाती ही विद्या आहे त्यांनी ते काम हाती घ्यावे.