दुर्गवाङ्मयातील वाटाड्या

मराठी प्रवासवर्णनाच्या प्रांतात दुर्गभ्रमणाच्या लेखनाने आपली स्वतंत्र शाखा निर्माण केली आहे, याविषयी आता दुमत होण्याचे कारण नाही. चिंतामण गंगाधर गोगटे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘महाराष्ट्र देशांतील किल्ले’ हा ग्रंथ लिहून विखुरलेली माहिती एकत्र केली, पुढे गो. नी. दांडेकरांनी या विषयात प्राण ओतला. त्यानंतर आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’सारख्या पुस्तकांनी वाटा आणि मुक्काम यांचा हिशेब नेमकेपणाने मांडून दिला. इतिहास, भाव आणि मार्ग अशी या वाङ्मयाची तीन अंगे होत. यांपैकी एकाचेही मोल कमी लेखण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. प्रश्न एवढाच आहे की, ज्या माणसाच्या पाठोपाठ चालून ही तिन्ही अंगे पुष्ट झाली, त्या वाटाड्याला या वाङ्मयात कोणते स्थान मिळाले?

नियतकालिकांतून आणि दिवाळी अंकांतून येणारा या प्रकारचा सामान्य लेख घ्यावा. पहाटेचे धुके, पायथ्याचे गाव, चुलीवरचा चहा यांनी त्याचा आरंभ होतो. ‘गावातून एक वाटाड्या बरोबर घेतला’ एवढ्या वाक्यात त्या माणसाचा प्रवेश होतो. तो पुढे चालतो, करवंदीच्या जाळ्या बाजूला सारतो, कोणत्या टाक्याचे पाणी प्यावे ते सांगतो, प्रसंगी लेखकाचे ओझेही उचलतो. आणि गडाचा पहिला दरवाजा लागताच लेखातून नाहीसा होतो. तेथून पुढे लेखक आणि इतिहास यांचाच संवाद चालतो. गड उतरल्यावर पैसे देण्यापुरते त्याचे पुन्हा दर्शन घडते. त्याला नाव नसते. एखादे वाक्य त्याच्या तोंडी असलेच, तर ते विनोदापुरते. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर तो या गद्यात कर्ता नसून करण आहे. काठी, दोर आणि कंदील यांच्या पंक्तीतला.

हा केवळ सौजन्याचा अभाव असता, तर त्याची चर्चा साहित्यविषयक नियतकालिकात करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु हा दोष वाङ्मयीन आहे. प्रवासवर्णनाची एक साधी कसोटी आहे: हे वर्णन तेथे न जाता लिहिता आले असते काय? दरवाजाचे स्थापत्य, वेढ्याची तारीख, किल्लेदाराचे नाव ही ग्रंथालयात मिळतात. गडावर गेल्यावाचून मिळत नाही ते वाटाड्याचे ज्ञान. तेच वगळले म्हणजे चार दिवसांची पायपीट करूनही लेख मात्र ग्रंथालयातलाच राहतो.

सुरतेच्या वाचकांस जवळचे असे साल्हेरचे उदाहरण घेऊ. डांगचे जंगल ओलांडले की नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुक्यात हा गड लागतो. त्याची उंची १५६७ मीटर असून महाराष्ट्रातील किल्ल्यांत तो सर्वांत उंच मानला जातो. मुल्हेर, मोरा, हरगड, साल्हेर आणि सालोटा अशी यात्रा वाटाड्या बरोबर घेऊन तीन-चार दिवसांत करण्याची रीत आहे. कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक येणारे दरवाजे, माथ्यावरील गंगासागर तलाव आणि सर्वोच्च टोकावरील परशुरामाचे मंदिर यांचे वर्णन कोणीही करील. १६७० मध्ये शिवाजी महाराज सुरतेच्या दुसऱ्या स्वारीहून याच बागलाणातून परतले, पुढे वणी-दिंडोरीची लढाई झाली, १६७१ च्या आरंभी साल्हेर स्वराज्यात आला आणि १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मोगलांचा मोठा पराभव झाला, हेही प्रत्येक लेखात येईल. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांत साल्हेर आहे, हे तर यापुढे पहिल्याच परिच्छेदात येईल.

आता वाटाड्यापाशी काय असते ते पाहावे. वैशाखापर्यंत पाणी कोठे टिकते, गुरे कोणत्या सोंडेने वर चढतात, धुक्यात कोणती घळ वाट म्हणून फसवते, गवत कोणत्या उतारावर राखतात, हे सर्व त्याला ठाऊक असते. दिसावयास ही माहिती गुराख्याची. परंतु किल्ला लढतो तो याच ज्ञानावर. शिबंदीला पाणी किती पुरेल, वेढा घालणाऱ्याने कोणती सोंड अडवावी, पायथ्याची मेटे अमुकच ठिकाणी का वसवली, या प्रश्नांची उत्तरे कागदांत क्वचित सापडतात. जमिनीवर ती अद्याप वाचता येतात. वाटाड्याला गप्प बसवणारा लेखक इतिहासाचेच एक साधन गमावतो.

आपल्या जुन्या गद्याला ही उपेक्षा मान्य नव्हती. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीच्या मुक्कामी आपली बखर लिहिली. तीत सुरतेच्या स्वारीचा प्रसंग पाहावा. सुरतेची पाळत घेऊन आलेला हेर बहिर्जी जाधव तेथे नावानिशी येतो, बोलतो, आणि त्याच्या बोलण्यावरून स्वारी निघते. वाट जाणणाऱ्या माणसाचा शब्द हे येथे कथेचे चालक कारण आहे. बखरकाराला वाक्यरचनेचे आधुनिक संस्कार नव्हते. पण कृतीचा कर्ता कोण, याविषयी त्याच्या मनात घोटाळा नव्हता.

हा प्रश्न केवळ मराठीपुरता नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात माचू पिचू हे इंका लोकांचे प्राचीन स्थळ आहे. २४ जुलै १९११ रोजी हायरम बिंगहॅम हा अमेरिकन अध्यापक तेथे पोहोचला, तो मेल्चोर आर्तेआगा या तेथील शेतकऱ्याच्या मागोमाग. आणि अवशेषांतून त्याला फिरवले ते एका लहान मुलाने. जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत त्या वेळी कुटुंबे नांदत होती, पीक काढीत होती. तरी १९४८ मध्ये बिंगहॅमने ग्रंथ लिहिला, त्याला नाव दिले ‘इंकांचे हरवलेले नगर’. ज्यांच्या शेताच्या बांधाशी ते नगर होते, त्यांच्या लेखी ते केव्हा हरवले होते? शिवाय हीच इंकांची अखेरची राजधानी विल्काबांबा, हे बिंगहॅमचे अनुमान पुढे चुकीचे ठरले. आर्तेआगाने दाखवलेली वाट मात्र बरोबर होती. पुढे १९४३ मध्ये पाब्लो नेरुदा तेथे गेला आणि त्या भेटीतून त्याचे प्रसिद्ध दीर्घकाव्य जन्मले. दगडांच्या वैभवामागे राबलेल्या अनाम हातांना त्याने हाक घातली, हे त्या काव्याचे थोरपण होय. पण ती हाक मृतांना आहे. आज इंकांच्या जुन्या मार्गाने चार दिवस चालून तेथे जाणाऱ्यास परवाना असलेल्या वाटाड्यावाचून पाऊल टाकता येत नाही. कायद्याने त्याला स्थान दिले. साहित्याने द्यावयाचे स्थान याहून निराळे असते.

ते कसे द्यावे, याचा धडा मराठीत उपलब्ध आहे. दांडेकरांनी गडांवर प्रेम केले हे सर्वज्ञात आहे. परंतु त्यांचे वैशिष्ट्य प्रेमाहून अधिक कानात होते. ‘पवनाकाठचा धोंडी’मधला तुंग किल्ल्याच्या परिसरातला धोंडी, ‘माचीवरला बुधा’मधला मुंबई सोडून राजमाचीवर परतलेला म्हातारा, ‘रानभुली’मधली रायगडाच्या अंगाखांद्यावर वाढलेली मनी, ही माणसे गडाची शोभा वाढविण्यासाठी आलेली नाहीत. गड त्यांच्या डोळ्यांनी दिसतो, त्यांच्या बोलीत बोलतो. दांडेकरांच्या अनुकारकांनी त्यांचा उमाळा उचलला, त्यांची उद्गारचिन्हे उचलली. कान तेवढा उचलला नाही. म्हणून या लेखनात भक्ती वाढली आणि माणूस आटला.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वाजवी आहे. वाटाड्याच्या कथा विश्वसनीय असतात काय? प्रत्येक टाके राजाचे स्नानाचे, प्रत्येक भुयार दूरच्या गडापर्यंत जाणारे, असे तो खुशाल सांगतो. खरे आहे. म्हणून येथे विवेक हवा. भूतकाळाविषयी तो जे सांगतो ते कागदाशी ताडून पाहावे. स्थळाविषयी तो जे जाणतो ते मात्र जसेच्या तसे टिपून ठेवावे. परशुरामाने साल्हेरवरून बाण सोडून समुद्र मागे हटविला, ही कथा इतिहास म्हणून कोणी स्वीकारणार नाही. पण तेथील माणूस समुद्र कोणत्या दिशेस दाखवतो आणि ती कोणत्या शब्दांत सांगतो, हे वाङ्मयाचे धन आहे.

आणि हे धन टिकेलच असे नाही. जागतिक वारशाचा मान आला की फलक येतात, छापील नकाशे येतात, आणि फलकावर प्रमाण नाव चढले की बोलीतले नाव मागे पडते. माची, मेट, नाळ, नेढे, सोंड, घळ हे शब्द कोशांत तरी आहेत. एकेका कड्याची आणि वळणाची नावे तर केवळ वाटाड्यांच्या मुखी आहेत. त्यातून हा प्रदेश भाषांच्या सीमेवरचा. १९६० मध्ये डांग गुजरातेत गेला, साल्हेर महाराष्ट्रात राहिला. त्या वेळी डांगीला मराठी म्हणावे की गुजराती, यावर मोठा वाद झाला होता. वाटाड्याच्या तोंडच्या बोलीने तो वाद कधीच मनावर घेतला नाही. दोन्ही प्रमाणभाषांच्या कडेला असल्यामुळे ती टिपण्याचे कर्तव्य दोन्हीकडील विद्वान एकमेकांवर सोपवू शकतात, हाच तिला मोठा धोका आहे.

येथे सुरतेतील मराठी शिक्षकांवर विशेष जबाबदारी येते. आपल्या वर्गांत बसणारी पुष्कळ मुले धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतून यंत्रमागांच्या उद्योगासाठी आलेल्या कुटुंबांतली आहेत. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती अशा तीन भाषांत ती सहज वावरतात. त्यांची अहिराणी आपण लाल शाईने दुरुस्त करीत आलो. साल्हेरच्या वाटेवर मात्र तीच मुले वाटाड्याचे बोलणे आपल्याआधी समजतील. शालेय सहलीत प्रत्येक मुलाने दरवाजाची लांबी-रुंदी लिहून आणावी, त्यास हरकत नाही. पण त्याबरोबर वाटाड्याकडून ऐकलेले दहा शब्द, त्यांचे अर्थ, आणि ज्याच्याकडून ते ऐकले त्याच्या संमतीने त्याचे नाव, एवढे त्याने वहीत उतरवावे. अशा वह्यांतून निवडून छापण्यास अकादमीच्या नियतकालिकाने वर्षाकाठी चार पृष्ठे राखून ठेवली, तर दहा वर्षांत बागलाणचा एक लहानसा स्थलनामकोश सिद्ध होईल. आणि दुर्गभ्रमणाचा नवा लेख संपादकांच्या हाती येईल तेव्हा त्यांनी लेखकास दोनच प्रश्न विचारावेत: तुम्हांला वर नेले कोणी, आणि तो काय म्हणाला?