शाखानगरांचे कागद

पुणें शहराच्या वाढीविषयीं बोलतांना, जुन्या पेठा आंखीव आणि नव्या वसाहती बेबंद, असें मत वारंवार ऐकूं येतें. इतिहासप्रेमी मंडळींना तें प्रिय वाटणें स्वाभाविक आहे. परंतु प्रियता हें प्रमाण नव्हे. म्हणून या मताची थोडी छाननी येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्द पाहूं. मूळ नगराहून निराळ्या पुराला अमरकोशांत 'शाखानगर' म्हटलें आहे. या अर्थानें शनिवार, रविवार, शुक्रवार या पेठा कसब्याचीं शाखानगरेंच होत. जुनीं नांवें पुसण्याचा दोष नव्या वसाहतींवर ठेवावा, तर तो पेठांवरहि येतो: मुर्तजाबादची शनिवार, मलकापुरची रविवार आणि विसापुरची शुक्रवार पेठ झाली. शिवाय पेठांतील वस्ती बहुतांशीं जातवार होती, व अस्पृश्य मानलेल्यांची जागा कडेला असे, हें विसरून त्यांचें स्तोत्र गाणें इतिहासाला शोभणारें नाहीं. एकाच सांच्यांतून काढल्यासारख्या नव्या इमारती डोळ्यांस खुपतात हें खरें, पण तो रुचीचा प्रश्न आहे.

मग भेद कोठें आहे? आमच्या मतें तो कागदांत आहे.

पेठ वसविण्याचा कौल वाचला म्हणजे त्यांत दोन गोष्टी दिसतात. येणाऱ्या उदम्यांना कांहीं वर्षें करांत सूट मिळे. आणि वस्ती आणण्याचें काम शेटे-महाजनांकडे दिलेलें असे. त्यांचा हक्क वतनी होता. पेठ भरली तर त्यांच्या नातवंडांचें उत्पन्न वाढे, उजाड झाली तर बुडे. हे लोक विशेष सज्जन होते असें मानण्याचें कारण नाहीं. त्यांचा स्वार्थच त्यांना त्या जागेशीं बांधून ठेवीत असे. आजच्या विकासकाचा स्वार्थ शेवटची सदनिका विकली कीं संपतो. १९६३ च्या सदनिका-मालकीविषयक कायद्यानें जमीन व इमारत संस्थेच्या नांवें करून देण्याचें बंधन त्याच्यावर घातलें. तें इतक्या ठिकाणीं अव्हेरलें गेलें कीं, २००८ सालीं कायदा दुरुस्त करून 'मानीव अभिहस्तांतरणा'ची सोय करावी लागली. कर्तव्य करणारा करीत नाहीं, म्हणून तें केलें असें मानावयाचें, हाच त्या शब्दाचा अर्थ. वतनदाराच्या कागदांत असा शब्द शोधून सांपडणार नाहीं.

दुसरा भेद पाण्याचा. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या दगडी नळानें पाणी शहरांत आणलें व हौदांतून खेळविलें. त्या नळाचे उसासे अजून दाखवितां येतात. त्याच काळांत पर्वतीच्या पायथ्याशीं आंबील ओढ्याचें पाणी अडवून तळें केलें. म्हणजे पेशव्यांनीं निसर्गाला हात लावला नाहीं असें नव्हे. पण ओढा अडवितांना तो ओढा आहे, याचें भान त्यांना होतें. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं याच आंबील ओढ्याला लोंढा आला. काठच्या सोसायट्यांच्या भिंती पडल्या, घरांत पाणी शिरलें, आणि त्या पावसानें पुणें व परिसरांत वीसांहून अधिक माणसें दगावलीं.

याच संदर्भांत एकाच जमिनीचे दोन कागद नुकतेच आमच्या पाहण्यांत आले. पहिला मोडींतील खरेदीखताचा. त्यांत शेताचें नांव 'ओढ्याची पट्टी', व चतुःसीमा पूर्वेस ओढा, दक्षिणेस पांदण, पश्चिमेस आंब्याचें झाड व बांध, उत्तरेस भावकीचें शेत, अशी आहे. दुसरा त्याच शेतावरील सदनिकेच्या करारनाम्याचा. त्यांत फरशीचा प्रकार, तरणतलाव व मोटार उभी करण्याची जागा यांचें सविस्तर वर्णन आहे. चारी दिशांना मात्र केवळ सर्व्हे नंबर. ओढा कोठेंच नाहीं. जाग्यावर जाऊन पाहिलें तों तो नळींत घातलेला आढळला. प्रकल्पाच्या इंग्रजी नांवांत 'रिव्हर' हा शब्द आहे, एवढीच त्याची आठवण उरली आहे. सदनिका घेणाऱ्या गृहस्थांनीं करारनामा आरंभापासून अखेरपर्यंत वाचला होता, आणि तरीहि आपण ओढ्यावर राहतों हें त्यांना ठाऊक नव्हतें. मोडी कागद वाचून दाखविल्यावर ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

दोन कागदांवरून व्यापक सिद्धांत काढूं नये, हा आपल्या शास्त्राचा पहिला धडा आहे. आणि तो आम्ही शाळेंत इतकीं वर्षें शिकविला असल्यामुळें येथें मोडणार नाहीं. परंतु या दोहोंवरून शोधाची दिशा खास ठरते. २०१७ सालीं अकरा आणि २०२१ सालीं तेवीस गांवें पुणें महापालिकेंत आलीं. त्या गांवांच्या जुन्या घरांतून खरेदीखतें, वाटणीपत्रें व हद्दीच्या तंट्यांचे महजर अद्याप पडून आहेत. आपण संग्राहक सनदा व राजपत्रांमागें धांवतों, आणि असले कागद किरकोळ म्हणून बाजूस सारतों. ही दृष्टि बदलली पाहिजे. वाडा मोडून इमारत उभी राहते, तेव्हां हे कागद रद्दींत जातात, व त्यांच्याबरोबर ओढे, पांदणी व शेतें यांचीं नांवेंहि जातात.

तरी वाचकांस विनंति कीं, अशा कागदांतील चतुःसीमा तेवढ्या उतरून घेऊन, गांव, मिति व शेताचें नांव यांसह त्यांची यादी मंडळाकडे पाठवावी. मूळ कागद मालकाकडेच राहिला तरी चालेल. ती यादी नकाशावर मांडली म्हणजे, कोणत्या घरांच्या पायाखालीं पाणी आहे, हें पुढच्या पावसाळ्यापूर्वीं सांगतां येईल.