रहस्याच्या पोटीं करुणा

‘रीसेट’ या २०२२ सालच्या १५ भागांच्या चिनी मालिकेंत एका बसचा वारंवार स्फोट होतो आणि विद्यार्थिनी ली शिछिंग व तरुण श्याओ हयून त्याच प्रवासांत पुनःपुन्हा जागीं होतात. स्फोटक प्रेशर कुकरमध्यें आहे, हें कळतांच सामान्य रहस्यकथा संपली असती. येथें ती खरी सुरू होते. कुकर बाळगणारी स्त्री व बसचा चालक हीं एका मृत कन्येचीं मातापितरें ठरतात, आणि ‘कोणीं केलें?’ या प्रश्नाची जागा ‘कां केलें?’ हा प्रश्न घेतो. नायकनायिकेचें प्रेमहि प्रणयालापांतून नव्हे, सहप्रवाशांच्या काळजींतून उमलतें. शेवटीं सर्वच प्रश्न सुटावेत, हें मात्र सोयीचें वाटतें. तथापि अपराध्याविषयीं दया उपजवूनहि अपराधाचें समर्थन न करण्याचा संयम दुर्मिळ होय. त्यामुळेंच कुतूहल शमल्यावरहि ही मालिका मनांत रेंगाळते.