बहात्तर टक्के सुतार

ती रील तुमच्याही फोनवर येऊन गेली असणार. एक गोरागोमटा तरुण कॅमेऱ्यात बघून सांगतो, ‘कोडिंग सोडा, प्लंबिंग शिका. एआय तुमचा नळ दुरुस्त करणार नाही.’ 2024 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या जेफ्री हिंटननीही प्लंबर व्हायचा सल्ला दिल्यापासून तर या रीलना ऊत आलाय. सुतार, इलेक्ट्रिशियन, एसीवाला, सगळे एकदम ‘सुरक्षित’. (असा सल्ला देणाऱ्यातला कुणी आपल्या मुलाला आयटीआयच्या सुतारकामाला घालताना मी तरी पाहिला नाही. असो.)

गंमत अशी की, दहा-बारा वर्षांपूर्वी हेच भाकीत बरोबर उलटं होतं. कार्ल बेनेडिक्ट फ्राय आणि मायकेल ऑस्बर्न या ऑक्सफर्डच्या दोघांनी 2013 साली एक निबंध लिहिला, ‘द फ्यूचर ऑफ एम्प्लॉयमेंट’. अमेरिकेतले 47 टक्के रोजगार यंत्रांच्या तावडीत सापडू शकतात, हे त्यातलं वाक्य जगभर गाजलं. त्या वाक्यापलीकडे फारसं कुणी गेलं नाही. खरी मजा शेवटच्या तक्त्यात आहे. तिथे 702 व्यवसाय एकाखाली एक मांडलेत आणि प्रत्येकापुढे एक आकडा आहे. सुतार 0.72. कपाटं-फर्निचर बनवणारा सुतार 0.92. सायकल दुरुस्त करणारा 0.94. घड्याळजी 0.99. आणि लेखक? 0.038. म्हणजे जवळजवळ अमर.

आज चॅटबॉटला दोन ओळी टाकून ललित लेख काढणाऱ्या कुणालाही हा तक्ता वाचून हसू येईल. मलाही आलं. पण नुसतं हसून बाजूला ठेवावा असा हा निबंध नाही. आधी तो आकडा आला कुठून ते बघू.

लेखकांनी 702 पैकी 70 व्यवसाय निवडले आणि यंत्र-शिक्षणाच्या जाणकारांसोबत बसून प्रत्येकावर शिक्का मारला: हे काम यंत्राला जमेल, 1, जमणार नाही, 0. मग अमेरिकी सरकारी माहितीसाठ्यातले नऊ गुण घेतले. बोटांचं कसब, हाताचं कसब, अडचणीच्या जागेत वाकून काम करणं, कल्पकता, समोरच्याचं मन ओळखणं, घासाघीस करणं वगैरे. त्या 70 शिक्क्यांवरून संगणकाने उरलेल्यांचे आकडे काढले. म्हणजे 0.72 हे कुठल्याही कारखान्यात मोजलेलं माप नाही. खोलीत बसलेल्या काही हुशार माणसांना काय वाटलं, त्याला दिलेलं दशांशचिन्ह आहे. दशांशचिन्हाचा आपल्यावर फार वचक असतो.

तक्त्यातच एक खटकणारी गोष्ट आहे. इलेक्ट्रिशियन 0.15, प्लंबर 0.35, सुतार 0.72. तिघं एकाच घरात, एकाच शिडीवर, एकाच धुळीत काम करतात. भिंत वाकडी असते ती तिघांनाही वाकडीच असते. मग सुतारच एवढा का गोत्यात? लेखकांनी प्रत्येक धंद्याचा वेगळा खुलासा केलेला नाही. शेजारच्या एका आकड्याने दुसऱ्याला खोटं पाडावं आणि दोघंही छापले जावेत, हा या निबंधाचा मोठा दोष आहे. 2016 साली ओईसीडीसाठी तीन अर्थतज्ज्ञांनी अख्खे व्यवसाय न घेता त्यातली वेगवेगळी कामं मोजली, तेव्हा 21 देशांचा सरासरी धोका 9 टक्क्यांवर उतरला. 47 कुठे आणि 9 कुठे!

पण या निबंधात बांधकामाबद्दल एक छोटा परिच्छेद आहे, आणि माझ्या मते अख्ख्या निबंधातलं सर्वांत खरं तिथे आहे. साइटवरचं काम यंत्राला अवघड, कारण दर ठिकाणी परिस्थिती वेगळी. पण भाग कारखान्यातच तयार करून आणले तर जुळवून घ्यायची गरजच उरत नाही, असा त्याचा आशय. म्हणजे यंत्राला सुताराइतकं हुशार व्हावं लागत नाही. सुताराची हुशारी जिथे लागते ती जागाच काढून टाकली की झालं.

हे वाचताना मला त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ आठवलं. 1915 सालचं पुस्तक. त्यातला सुतार बलुतेदारांच्या थोरल्या ओळीतला. नांगर, पाभर, गाडीचे आरे, सगळं त्याच्या वाकस-पटाशीखालून जाणार, आणि खळ्यावर धान्याच्या रूपाने त्याचं बलुतं ठरलेलं. आत्रे महसूल खात्यातले, त्यांचा कल कुणब्याच्या बाजूने. बलुतेदारांच्या कुचराईवर ते चांगलेच घसरतात. त्यामुळे ‘आपली जुनी कारागिरी किती थोर’ असा उमाळा त्या पुस्तकात शोधू नये. मिळणार नाही.

पण ज्या काळात आत्रे हे टिपत होते, त्याच काळात या सुताराची सुट्टी व्हायला सुरुवात झाली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी आधी बिचकले, मग तोच नांगर गावोगाव गेला. पुढे रबरी टायरची गाडी आली, ट्रॅक्टर आला. बाभळीचं लाकूड पारखून, आरे बसवून, वर लोहाराकडून तापलेली धाव चढवून घेणारं यंत्र काही गावच्या सुताराची जागा घ्यायला आलं नाही. त्याची गरजच पडली नाही. चाकच बदललं.

घड्याळजीच्या 0.99 चं कोडंही इथेच सुटतं. यंत्रमानव बारीक चिमटा घेऊन बॅलन्स व्हील बसवतोय असं चित्र डोळ्यांपुढे आणलं तर तो आकडा येडचाप वाटतो. पण क्वार्ट्झ आलं, मग खिशात मोबाइल आला, आणि चावीची घड्याळं बनवणाऱ्या एचएमटीच्या घड्याळ कंपनीला टाळं लावायचा निर्णय 2016 साली सरकारने घेतला. घड्याळजी गेला तो घड्याळाबरोबर. आकडा जवळपास बरोबर निघाला, कारण मात्र तक्त्यात दिलेलं नाही.

कारागिरीच्या बाजूने लिहिणाऱ्यांत रिचर्ड सेनेट हे मोठं नाव. ‘द क्राफ्ट्समन’ (2008) मध्ये ते स्ट्रॅडिव्हेरीच्या व्हायोलिन-कारखान्याबद्दल सांगतात: उस्तादाला जे हाताने कळत होतं ते शब्दांत कधी आलंच नाही, म्हणून त्याच्यामागे ते संपलं. सुंदर प्रकरण आहे. मात्र सेनेटना काळजी आहे ती ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात कसं जाईल याची. आपल्याकडे ते शतकानुशतकं बापाकडून मुलाकडे बिनबोभाट गेलं, कारण मुलाला दुसरीकडे जायची मुभाच नव्हती. कारागिरीचं पुस्तक भारतात वाचताना जात बाजूला ठेवता येत नाही, आणि सेनेट त्यात आपल्या काही उपयोगाचे नाहीत. शिवाय हात शाबूत राहिला, पण त्या हाताला धरायला काही उरलंच नाही तर काय, हा प्रश्न त्यांच्या पुस्तकात जेमतेम डोकावतो.

तो मला माझ्या स्वयंपाकघरात भेटला. सिंकखालचं कपाट, मॉड्युलर, चार वर्षांचं. पाणी झिरपून भुश्याची फळी पावासारखी फुगली आणि बिजागरी उखडली. कंपनीचा माणूस म्हणाला, अख्खा बॉक्स बदला. मग कोपऱ्यावरच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी गुडघे टेकले, बोटाने फळीची कड चेपली, भुगा खाली पडला.

‘ताई, लाकूड असतं तर जरा बाजूला नवीन भोक पाडलं असतं. याला स्क्रू धरणार कुठं?’

तीस-पस्तीस वर्षांचं कसब त्या कपाटासमोर बसलं होतं, आणि कपाटालाच ते नको होतं. ही फळी सीएनसी यंत्रावर कापलेली, कड यंत्रानेच चिकटवलेली. बसवणाऱ्या मुलाकडे रंधा नव्हता, एक ड्रिल आणि एक कागद होता. फुगेपर्यंत वापरायची आणि फेकायची, हे ती कापतानाच ठरलेलं. फोनचंही तेच. बॅटरी गोंदाने चिकटवली, सुटा भाग बाजारात येऊ दिला नाही, की गल्लीतला मोबाइलवाला कितीही तरबेज असो, हात चोळत बसतो. दुरुस्तीचा हक्क हा विषय म्हणून मला एआयच्या कुठल्याही परिसंवादापेक्षा या धंद्यांच्या जास्त जवळचा वाटतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये त्यासाठी समिती नेमली, वर्षअखेरीस पोर्टलही सुरू केलं. पण ते ऐच्छिकतेवर चालतं. गोंद लावायला कुणी मनाई केलेली नाही.

म्हणून त्या रीलवाल्याशी माझं भांडण एवढंच: ‘एआय तुमचा नळ दुरुस्त करणार नाही’ हे त्याचं म्हणणं मान्य, पण नळ दुरुस्त होण्यासारखा बनेल की नाही हे प्लंबर ठरवत नाही. फ्राय आणि ऑस्बर्ननी मोजलं ते यंत्राचं सामर्थ्य. फळी भुश्याची घ्यायची की प्लायवुडची, हे ठरवणारा माणूस त्यांच्या 702 ओळींत कुठेतरी मॅनेजर म्हणून बसलाय, आणि त्याच्यापुढचा आकडा बहुधा बराच कमी असेल.

काकांनी शेवटी फुगलेला भाग करवतीने कापून काढला, आतून जुन्या पलंगाच्या सागवानी पट्टीचा तुकडा ठोकला आणि बिजागरी त्या तुकड्यावर बसवली. चारशे रुपये. दार आता थोडं वर उचलून लावावं लागतं.