पाहिलेला निसर्ग व ऐकलेला निसर्ग

मराठी ललित वाङ्मयांत निसर्गवर्णनें थोडीं आहेत असें कोणी म्हणणार नाहीं. कविता घ्या, लघुनिबंध घ्या, नाहीं तर कादंबरीचें पहिलें प्रकरण घ्या. कोकिळा गात असते, चातक तहानेनें व्याकूळ असतो आणि निनांवी फुलें वाऱ्यावर डोलत असतात. वाण आहे ती पाहण्याची. लेखकानें तें फूल किंवा तो पक्षी स्वतः पाहिला होता, कीं दुसऱ्या लेखकाकडून ऐकला होता, हा प्रश्न आमची टीका फारसा विचारीत नाहीं. तो येथें विचारण्याचा आमचा हेतु आहे.

गिल्बर्ट व्हाइट हा इंग्लंडांतील सेलबोर्न नांवाच्या खेड्यांतला धर्मोपदेशक. गांवच्या सृष्टीविषयीं त्यानें लिहिलेलीं पत्रें १७८९ सालीं ग्रंथरूपानें निघालीं. दिसण्यांत सारखे असे तीन चिमुकले पक्षी त्यानें मुख्यतः आवाजांवरून वेगळे ओळखले. बागेंतलें कांसव जमिनींत केव्हां शिरतें आणि केव्हां बाहेर येतें याची नोंद ठेविली. ग्रंथांत अलंकारांचा सोस नाहीं. तरी सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळ लोक तो वाङ्मय म्हणून वाचीत आले आहेत.

असा एक लेखक आमच्या देशांतही होऊन गेला. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन १८५१ सालीं साताऱ्यास जन्मला, मीठ व जकात खात्यांत नोकरीस होता, आणि १८८३ सालीं मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकीं एक होता. त्याच वर्षीं निघालेल्या ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ या पुस्तकांत त्यानें बंगल्यांतले कावळे, पाली, बेडूक व मुंग्या मोठ्या विनोदानें रंगविल्या. भिंतीवरची पाल हा वाङ्मयाचा विषय होऊं शकतो, हें त्यानें आमच्याच अंगणांत बसून दाखविलें. मात्र ‘बिहाइंड द बंगलो’ (१८८९) मध्यें त्यानें घरच्या हिंदी नोकरांवरही तीच लेखणी चालविली. पालीकडे त्यानें ज्या कुतूहलानें पाहिलें त्याच कुतूहलानें नोकर पाहिले. पण आदर पालीच्याच वाट्याला अधिक आला.

आमचे रसिक म्हणतील, अंड्याचा रंग आणि पक्ष्याची जात यांशीं काव्याला काय करावयाचें? ज्ञान आलें कीं काव्य गेलें! हा समज तपासून पाहूं.

आमच्या कवितेंत कोकिळा गाते. वास्तविक ती लकेर नराची असते. तो काळा, लाल डोळ्यांचा. ठिपकेदार मादी ‘किक् किक्’ असें ओरडते आणि कावळ्याच्या घरट्यांत अंडें टाकते. कालिदासाला हा भेद ठाऊक होता. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गांत कूजन करणारा पक्षी स्पष्टपणें पुंस्कोकिल आहे. तेव्हां दोष संस्कृत कविसंकेतांवर ढकलण्याची सोय नाहीं. त्यानें पाहिलें; आम्ही ऐकलें.

चातकाचें तसेंच. केवळ पावसाचे थेंब पिऊन राहणारा पक्षी कोणींच पाहिलेला नाहीं. खरा चातक काळापांढरा, तुरेवाला. तो पावसाच्या तोंडावर येतो हें खरें, पण सुरवंटांवर पोट भरतो आणि त्याची मादी सातभाईंच्या निळ्या अंड्यांत आपलें निळें अंडें मिसळून देते. यांत काव्य कमी झालें कीं वाढलें?

सुगरणीचें उदाहरण अधिक बोधप्रद आहे. सध्यांच्या रायगड जिल्ह्यांतील किहीम येथें सलीम अली यांनीं १९३० सालीं या पक्ष्यांचें निरीक्षण केलें. खोपा विणतो तो नर. अर्धवट खोपा मादी येऊन पारखते आणि पसंत पडला तर राहते. मग नर दुसरा खोपा विणावयास घेतो. म्हणजे भाषेनें दिलेलें नांवच चुकीच्या व्यक्तीस पोंचलें! पण म्हणून बहिणाबाईंची सुगरणीवरील कविता खोटी ठरत नाहीं. त्यांनीं खोपा पाहिला होता. कोणी विणला यांत चूक असेल. कसा विणला यांत नाहीं. पाहिलेपणाची साक्ष ती हीच.

दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या पुस्तकानें आमच्या गद्याला हा पाहिलेपणा दिला. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत प्रत्येक मास त्यांनीं स्वतंत्र लेखाचा विषय केला. पुढें मारुति चितमपल्लींनीं अरण्य वाङ्मयांत आणलें. रानाला लेखक मिळाला. परसाला अद्याप मिळावयाचा आहे.

आणि परसांत काय नाहीं? उल्हास नदीकांठचें कर्जत आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांतील खालापूर घ्या. इंग्रजी बागेचा उन्हाळा म्हणजे फुलांचा सुकाळ व लांबलेली संध्याकाळ. येथें वैशाखांत जमीन भाजून निघते. तरी त्याच उन्हांत बहावा पिवळ्या घोसांनीं भरतो, कुडा पांढरा होतो, कुंपणाची करवंदें काळीं पडतात. भर दुपारीं तांबट ठोके घालतो. रात्रीं-अपरात्रीं पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणून बजावतो. पहिल्या सरींबरोबर शेवळें वर येतात. ठाकर व कातकरी बाया तीं बाजारांत आणतात, आणि घशाला खाज सुटूं नये म्हणून भाजींत काकडांचीं फळें घालावयास सांगतात. यांतलें किती मराठी निबंधांत आलें?

आतां या तालुक्यांत मुंबई-पुण्याच्या आम्हां सुशिक्षितांचे बंगले उठत आहेत. कुंपण तोडून हिरवळ लावली जाते, करवंदीच्या जागीं परदेशी ताड येतात. जवळच्या वाडीवरचा माळी जें तण उपटतो त्याचें नांव, त्याचा महिना व त्याची भाजी त्याला ठाऊक असते. उपटावयास सांगणाऱ्याला ठाऊक नसते. आमच्या कोशांत कित्येक शब्दांपुढें ‘एक झाड’, ‘एक पक्षी’ एवढाच अर्थ दिलेला असतो. झाड गेलें आणि नांव सांगणारा गेला, म्हणजे तेवढाही अर्थ उरणार नाहीं.

तरुण लेखकांस आमचें सांगणें इतकेंच, कीं एक कुंपण आणि एक उन्हाळा निवडावा व तारखेसह टिपणें ठेवावीं. नांव अडलें तर पुस्तकाआधीं माळ्याला विचारावें. आणि लिहितांना त्याला कुंपणावरचा आणखी एक प्राणी न समजतां आपला गुरु समजावें. एटकिनची नजर तर घ्यावीच. पण त्याची जी मर्यादा, ती ओलांडण्याचें काम आमचें आहे.