‘व्हेंटिलेटर’, त्याचे समीक्षक आणि आमचा बाप

चित्रपटावरचे परीक्षण वाचताना मी आधी एकच गोष्ट पाहतो. त्यात ‘आपण’ हा शब्द किती वेळा आला आहे आणि तो कोणासाठी आला आहे. ही माझी जुनी खोड आहे. दलित साहित्याच्या पहिल्या पिढीने आम्हांला जे शिकवले त्यात हीही शिकवण होती. ‘आपली संस्कृती’, ‘आपले घर’, ‘आपली माणसे’ असे कोणी लिहिले की त्या ‘आपल्या’त माझी जागा ओटीवर आहे, अंगणात आहे की वेशीबाहेर आहे, हे मी चाचपून पाहतो.

राजेश मापुसकर यांचा ‘व्हेंटिलेटर’ हा चित्रपट ४ नोव्हेंबर २०१६ रोजी प्रदर्शित झाला. परीक्षणकारांनी त्याचे भरभरून स्वागत केले. चौसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला दिग्दर्शन, संकलन आणि ध्वनिमिश्रण असे तीन पुरस्कार मिळाले, आणि २०१८ साली तो गुजरातीतही नव्याने काढला गेला. कथा थोडक्यात अशी. कोकणातल्या मोठ्या गोतावळ्यातले गजूकाका कामेरकर मुंबईच्या इस्पितळात व्हेंटिलेटरवर आहेत. गणपती तोंडावर आले आहेत. म्हातारा आत्ताच गेला तर सूतक लागणार आणि घरचा गणपती हुकणार. गोतावळा इस्पितळात गोळा होतो, तिथेच खातो, भांडतो, जुने हिशेब काढतो. या गर्दीच्या आड दोन बाप-लेकांचे अबोले आहेत. एक गजूकाका आणि त्यांचा मुलगा प्रसन्न (जितेंद्र जोशी) यांचा, दुसरा चित्रपट-दिग्दर्शक असलेला पुतण्या राजा (आशुतोष गोवारीकर) आणि त्याचे वडील (सतीश आळेकर) यांचा. मरणाच्या दारात बसून हसणारा हा विनोद आहे. इंग्रजी समीक्षेने त्याला ब्लॅक कॉमेडी हे नाव दिले आहे, आपण काळा विनोद म्हणू.

तो मी आईला घेऊन नालासोपाऱ्यात पाहिला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या तसा लालबाग-परळचा कोकणी माणूस विरार-नालासोपाऱ्यापर्यंत सरकत आला. त्यामुळे थिएटरात अर्धेअधिक चाकरमानी होते, आणि पडद्यावरच्या एकेका नातेवाइकाला ते आपल्या नातेवाइकांच्या नावाने हाका मारत होते. मीही हसलो. हे आधीच कबूल करतो, कारण विद्रोही समीक्षकाने हसू नये असा एक समज आमच्यातही आहे. मी रडलोही. मुलगा बापाशी आयुष्यभर नीट बोलत नाही, आणि बोलावेसे वाटते तेव्हा बापाच्या तोंडात नळी असते, हा अनुभव कोणत्याही जातीचा माणूस ओळखेल. मापुसकरांनी तो फार संयमाने हाताळला आहे. त्यांच्या ‘फेरारी की सवारी’ (२०१२) मध्येही बाप-लेकच होते, पण तिथला गोडवा मला सोसला नव्हता. इथे तो आटोक्यात आहे.

माझे भांडण चित्रपटाशी कमी आणि त्याच्या स्वागताशी जास्त आहे. त्या स्वागताचा एकंदर सूर असा होता की ही घराघरातली गोष्ट आहे, हे आपल्या सर्वांचे कुटुंब आहे, हा चित्रपट हसवता हसवता रडवतो. सुतकाचा उल्लेख बहुतेकांनी केला, पण जेवणातल्या लोणच्यासारखा. त्याची चव घेतली आणि पुढच्या घासाकडे वळले. वास्तविक चित्रपटातला सगळ्यात काळा, सगळ्यात धारदार विनोद तोच आहे. एका माणसाचा श्वास यंत्राने चालू ठेवण्यात प्रेम किती आणि मूर्ती बसवण्याची निकड किती, हे कोणालाच सांगता येत नाही, स्वतः नातेवाइकांनाही नाही. दिग्दर्शकाने तिथे बोट ठेवले होते. समीक्षकांनी ते बोट हळूच बाजूला केले.

का केले? कारण सूतक ही त्यांना घरगुती गोष्ट वाटते. आम्हांला ती तशी वाटू शकत नाही. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या इंग्रजी ग्रंथात हा भेद दाखवून दिला आहे. जन्म, मृत्यू, विटाळ यांनी येणारी अशुद्धी ठराविक दिवसांची असते, ती फिटते आणि माणूस पुन्हा पंगतीला बसतो. अस्पृश्यता मात्र वंशपरंपरेने चालत येते आणि कशानेही फिटत नाही. म्हणजे कामेरकरांच्या घरात जी भीती दहा दिवसांसाठी शिरते तिच्यात आमच्या पिढ्यान्‌पिढ्या जगल्या. दहा दिवसांच्या भीतीवर विनोद होऊ शकतो, व्हावाही. पण ‘आपल्या सर्वांची’ म्हणून ती माझ्या पानात वाढू नये.

येथे माझ्या परिसरातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक तुकडा आमच्या सोपाऱ्याजवळ, वसई तालुक्यातल्या भुईगावात, १९५६ साली सापडला. धर्मांतराचेच वर्ष. लोक आजारपणात, लेकरांच्या लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे विधी करतात, त्यांचे फळ अल्प; दास-नोकरांशी नीट वागणे आणि वडीलधाऱ्यांचा मान राखणे हाच खरा मंगल विधी, असा त्या लेखाचा आशय आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसून विधींची काळजी करणाऱ्या कुटुंबाची गोष्ट दोन हजारांवर वर्षांपूर्वी या मातीत दगडावर खोदून ठेवलेली आहे. विरार लोकलच्या गर्दीत हे कोणाला आठवत नाही, तो भाग वेगळा.

आता नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१४) शेजारी ठेवून पाहा. गावात जत्रा आहे. डुकराच्या शिवण्याने पालखी विटाळते, म्हणून कैकाडी कचरूला डुकरे धरायला सांगितले जाते. सारा गाव कठड्यावर बसून हसतो. डुक्कर हाती लागणार तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि सगळे कुटुंब जागच्या जागी थिजते. डुक्कर मात्र थांबत नाही. याहून काळा विनोद मराठी पडद्यावर मला तरी आठवत नाही. मुलगा जब्या बापाच्या लाजेने लपतो, बाप त्या लपण्यासाठी त्याला मारतो. म्हणजे पाहा, दोन्ही चित्रपटांचे कथायंत्र एकच आहे. उत्सव तोंडावर आहे, त्याला विटाळाचे भय आहे, आणि त्या भयाची किंमत एक बाप मोजतो आहे. मुलगा ते पाहतो आहे.

पण समीक्षेने या दोन बापांना दोन निरनिराळ्या कपाटांत ठेवले. गजूकाकांवर लिहिताना शब्द आले ते नात्यांचे, मायेचे, कुटुंबाचे. कचरूवर लिहिताना शब्द आले ते दाहक वास्तवाचे, जातिव्यवस्थेचे, सामाजिक भाष्याचे. ‘फँड्री’ची स्तुती कमी झाली असे मी म्हणत नाही. स्तुती खूप झाली, पुरस्कारही मिळाले. पण किशोर कदमांनी उभा केलेला कचरू हा बाप म्हणून कसा आहे, मुलीच्या लग्नाच्या हुंड्यासाठी वाकताना त्याच्या मनात काय चालते, तो मुलावर हात उगारतो तेव्हा मार कोणाला बसतो, हे किती जणांनी विचारले? कचरू म्हणजे त्यांच्यासाठी एक प्रश्न आहे. गजूकाका बाप आहेत.

ही विभागणी चित्रपटापुरती नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये गोदीत राबणारा बाप आहे. त्याच्याबद्दल मुलाच्या मनात प्रेम, चीड आणि शरम यांचा जो गुंता आहे तो वाङ्मयीन चर्चेत फारसा आलाच नाही. चर्चा झाली ती सामाजिक दस्तऐवजाची. नरेंद्र जाधवांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) घराघरांत गेले, पण तो बाप प्रेरणेचा झाला, शाळांच्या बक्षीस समारंभातला झाला. शरणकुमार लिंबाळ्यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) तर बाप असून नसल्याचे दुःख आहे. तेही बहुधा गावगाड्याचे उदाहरण म्हणूनच वाचले गेले. आमचा बाप एकतर प्रश्न असतो, नाहीतर आदर्श. तऱ्हेवाईक, कंजूष, विनोदी, चुकणारा, साधा माणूस म्हणून त्याच्याकडे पाहण्याची सवड प्रस्थापित समीक्षेला झाली नाही. यात आमचा दोष अजिबात नाही असेही नाही. आम्हीही बापाला पुष्कळदा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून मगच त्याच्याशी बोललो.

कोणी म्हणेल, ज्याला जे घर माहीत आहे त्याने त्या घरावर चित्रपट काढावा, यात गैर काय? काहीच नाही. चित्रपटात राजाच्या वडिलांचे काम करणाऱ्या सतीश आळेकरांनीच १९७४ साली ‘महानिर्वाण’ लिहिले. त्यात मेलेला बाप स्वतःच्या मरणाचे कीर्तन करतो आणि जुन्या स्मशानातच जळण्याचा हट्ट धरतो. ते चाळीतल्या ब्राह्मणी घराचे नाटक आहे, आणि ते आपल्या घराला सोडत नाही. शेवटी अश्रूंनी धुऊन घेत नाही. ‘व्हेंटिलेटर’ धुऊन घेतो. समीक्षकांना आवडले ते हे धुणे. दुसरीकडे, कष्टकऱ्यांच्या शोकात विनोद बसत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी लिजो जोस पेल्लिसेरी यांचा ‘ई. मा. यौ.’ (२०१८) हा मल्याळी चित्रपट पाहावा. समुद्रकाठच्या गरीब ख्रिस्ती वस्तीत एक मुलगा बापाला दिलेल्या शब्दाप्रमाणे थाटाची अंत्ययात्रा काढायला निघतो आणि अखेर स्वतःच्या अंगणात खड्डा खणतो. वसईच्या किनाऱ्यावरच्या माणसाला तो घरचाच वाटेल. गोव्याच्या महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला.

‘व्हेंटिलेटर’मध्ये शंभरावर माणसे आहेत. त्यांपैकी इस्पितळात राबणाऱ्या एकाही वॉर्डबॉयच्या किंवा आयाच्या बापाची ही गोष्ट नाही. मला ते टोचले, कारण माझा बाप मुंबईच्या एका इस्पितळात तीस वर्षे वॉर्डबॉय होता. रोग्यांचे नातेवाईक त्याला ‘मामा’ म्हणत. आयांना ‘मावशी’ म्हणत. ज्यांना घरच्या नात्यात कधी बसवले नसते त्यांना इस्पितळात आपोआप नाते मिळते, आणि डिस्चार्जच्या कागदाबरोबर ते संपते. माझ्या बापाने असे कितीतरी गजूकाका पाहिले होते. संध्याकाळी घरी आल्यावर तो त्या गोष्टी सांगे. आतल्या म्हातारीच्या कानातल्या कुड्यांवरून बाहेर दोन सुना कशा जुंपल्या, मुहूर्त चांगला नाही म्हणून मुलगा डॉक्टरला कसा थांबवू लागला, हे तो नकला करून दाखवी. आम्ही पोट धरून हसत असू. काळा विनोद आम्हांला परीक्षणांतून कळला नाही.

त्याचा बाप, माझा आजा, रत्नागिरीकडच्या गावात महारकीचे काम करी. गावात कोणी मेले की पाहुण्यांच्या गावोगाव सांगावा घेऊन पायी जाणे हे त्याच्याकडे होते. कामेरकरांचा गोतावळा आता फोनवर गोळा होतो. पूर्वी असा प्रत्येक गोतावळा कोणातरी महाराने अंगणाबाहेर उभे राहून दिलेल्या हाकेवर गोळा झालेला आहे. आजाने मरणाची बातमी पोचवली, बापाने मढी पोचवली, आणि मी परीक्षणांवर लेख लिहितो. प्रगती झाली म्हणायची.

हा चित्रपट अलीकडे पुन्हा पाहिला तेव्हा हसू आले नाही. मधल्या काळात व्हेंटिलेटर हा शब्दच बदलला होता. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या गल्लीगल्लीतून माणसे तो शोधत फिरत होती. त्याच महिन्याच्या २३ तारखेच्या पहाटे विरारमध्ये एका खाजगी इस्पितळाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, आणि पहिल्याच दिवशी करोनाच्या तेरा रुग्णांच्या मृत्यूची बातमी आली. त्या काळात गोतावळ्याला आत येऊन भांडायचीही सोय नव्हती. मरणाऱ्याजवळ शेवटी असायचे ते मामा आणि मावशी. त्यांनी तिथे काय पाहिले, हे त्यांना कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

माझा बाप २०११ साली गेला. सार्वजनिक इस्पितळात खाट मिळायला दोन दिवस लागले, तोवर तो जमिनीवर गादीवर होता. मी त्याच्याशी बरीच वर्षे धड बोलत नव्हतो. कॉलेजात असताना वडील काय करतात असे कोणी विचारले तर मी ‘मेडिकल लाइनमध्ये’ असे सांगे, आणि हे त्याला कुठूनतरी कळले होते. दुसऱ्या रात्री एक पोरगेला वॉर्डबॉय त्याला खाटेवर घ्यायला आला. त्याने बापाच्या काखेत हात घातले तसा बाप कण्हत म्हणाला, “असा नाय रे उचलायचा. एक हात मानेखाली, एक कमरेखाली. पेशंट झालाय म्हणून काय मेला नाय तो.” पोरगा ओशाळला, मग त्याने पुन्हा नीट उचलले. “जमलं,” बाप म्हणाला, “आता दुसऱ्याला शिकव.” दोघेही हसले. आई पायथ्याशी होती, तीही हसली. मी पिशवी घेऊन दाराशी उभा होतो.