दुभाष्याचे स्थान : ‘डेझर्ट फ्लॉवर’मधील एका प्रसंगाची चिकित्सा

सोमालियात जन्मलेल्या वारिस दिरी यांचे ‘डेझर्ट फ्लॉवर’ हे आत्मचरित्र कॅथलीन मिलर यांच्या सहकार्याने इंग्रजीत लिहिले गेले व १९९८ साली प्रसिद्ध झाले. बालपणी झालेल्या जननेंद्रिय-विच्छेदनाचे वर्णन हेच या ग्रंथाचे मर्म होय, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मते ते मर्म लंडनच्या एका रुग्णालयातील लहानशा प्रसंगात आहे.

सोमालियात रूढ असलेल्या उग्र प्रकारात बाह्य अवयव कापून जखमेच्या कडा शिवतात व अगदी लहान छिद्र तेवढे राखतात. त्यामुळे मूत्रविसर्जनास फार वेळ लागतो, ऋतुस्राव कोंडतो, जंतुसंसर्ग वारंवार होतो. प्रसूती तर माता व अर्भक या दोघांनाही धोक्याची ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने सहा आफ्रिकी देशांतील २८,३९३ स्त्रियांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध केली. तीनुसार या प्रथेमुळे दर हजार प्रसूतींमागे १० ते २० अर्भके अधिक दगावतात. ही पीडा स्त्रीबरोबर देशांतर करते. मात्र नव्या देशात शिवण उकलण्याची शस्त्रक्रिया उपलब्ध असते. अडचण असते ती तेथपर्यंत पोहोचण्याची. कारण त्यासाठी बोलावे लागते.

वारिस दीर्घकाळ डॉक्टरांपुढे मूळ कारण उच्चारूच शकत नाही. अखेर ती बोलते, तेव्हा मदतीस एक सोमाली पुरुष बोलावला जातो. तो शस्त्रक्रिया शक्य असल्याचे सांगतो. पण हे आपल्या संस्कृतीविरुद्ध आहे, कुटुंबास विचारले काय, अशी जोडही देतो. शस्त्रक्रिया लांबणीवर पडते. २००९ सालच्या चित्रपटात हाच प्रसंग अधिक तीव्र झाला आहे. तेथे दुभाषी डॉक्टरांचे आश्वासन पोहोचवीतच नाही. त्याऐवजी तो तिची निर्भर्त्सना करतो. प्रेक्षकास हे अनुवादपट्टीवरून कळते, डॉक्टरांना कळत नाही. ग्रंथातील दुभाषी अर्थात भर घालतो, चित्रपटातील अर्थ हिरावून घेतो. दोहोंत रुग्णेचे शब्द समाजाच्या पहाऱ्यातूनच जातात.

संज्ञेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. ब्रिटनच्या १९८५ च्या कायद्याच्या नावात ‘सुंता’ या अर्थाचा शब्द होता. २००३ च्या कायद्यात त्याची जागा ‘विच्छेदन’ या अर्थाच्या शब्दाने घेतली. हा बदल न्याय्यच होय, कारण ‘सुंता’ म्हटल्याने इजेचे स्वरूप झाकले जाते. तथापि अरबीत ज्या कृतीस ‘तहारा’, म्हणजे शुद्धी, म्हणतात, तिलाच परक्या डॉक्टरने प्रथमभेटीत ‘विच्छेदन’ म्हटले, तर रुग्णा गप्प होण्याचा संभव असतो. कायद्यास एक शब्द हवा, तपासणीच्या खोलीत दुसरा. हा दांभिकपणा नव्हे, औचित्यविवेक होय.

ग्रंथाचा दोष असा, की त्याने हा प्रसंग ओझरता सोडून यशोगाथेकडे धाव घेतली. शस्त्रक्रियेनंतर वारिस यांना वाचा लाभली व १९९७ साली त्या संयुक्त राष्ट्रांच्या या प्रश्नावरील दूत झाल्या. परंतु ज्या स्थलांतरित स्त्रीजवळ तिच्या पतीवाचून वा दिरावाचून दुसरा दुभाषी नाही, तिचे काय, हा प्रश्न ग्रंथ स्वतःहून उपस्थित करीत नाही. प्रशिक्षित, तटस्थ व शक्यतो स्त्री असलेली दुभाषी ही अशा स्त्रीच्या बाबतीत सौजन्याची बाब नसून उपचाराचाच भाग आहे. भाषाभ्यासकांनी या ग्रंथाकडे वळावे ते या कारणासाठी.